कोळ्यांच्या स्वयंपाकघरातील विद्यापीठ

जुन्या गोव्यातील बोम जेझू मंदिरात संत फ्रान्सिस झेवियर यांचे पवित्र अवशेष विसावले आहेत, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगावयास नको. दर वर्षी ३ डिसेंबरच्या सणास आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे तेथे जाऊन माथा टेकवून येतात. परंतु याच संताचे नाव धारण करणारे एक विद्यापीठ अटलांटिक महासागराच्या पलीकडे, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. त्या विद्यापीठातील धर्मगुरूंनी कोळी, शेतकरी व खाणकामगार यांच्या घरांत जाऊन खचलेल्या गावांना पुन्हा उभे राहण्याचे बळ दिले. ही हकीकत आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असेल.

ती आज सांगण्याचे कारण आपल्या दाराशीच आहे. आपल्या अनेक खेड्यांत आता घरे आहेत, पण त्यांना कुलुपे आहेत. मुलगा आखातात, सून शहरात, आणि अंगणात म्हातारी माणसे. गावात काही राहिले नाही, असे आपण सहज म्हणून जातो आणि कोणीतरी बाहेरून येऊन काहीतरी करील अशी वाट पाहत बसतो. सुमारे शंभर वर्षांपूर्वी कॅन्सो नावाच्या गावातील माणसेही अशीच वाट पाहत होती.

कर्जाच्या जाळ्यातील गाव

नोव्हा स्कोशिया हा कॅनडाचा समुद्राने वेढलेला प्रांत. त्याच्या मुख्य भूमीच्या अगदी पूर्व टोकास कॅन्सो हे कोळ्यांचे छोटे शहर वसले आहे. कॉड व शेवंड ही तेथील दौलत. समुद्र उदार होता, तरी कोळ्याचे घर मात्र रिकामेच राही. याचे कारण समुद्रात नसून धक्क्यावर होते.

वसंत ऋतूत मासेमारीस निघण्यापूर्वी कोळी व्यापाऱ्याकडून जाळे, मीठ, पीठ, कपडे असे सारे उधारीवर आणी. हंगाम संपला की तीच मासळी त्याच व्यापाऱ्याला, त्याने सांगितलेल्या दराने द्यावी लागे. मासळीचा भाव व्यापारी ठरवी आणि पिठाचाही भाव तोच ठरवी. वर्षाअखेरीस वही मिटली की कोळ्याच्या हाती रोकड फारशी उरत नसे; उरे ती पुढील वर्षाची उधारी. त्यातच वाफेवर चालणारी मोठी मच्छीमार जहाजे आली आणि लहान होडीवाल्यांच्या तोंडचा घास ओढू लागली. तरुण मुले बॉस्टनची वाट धरू लागली. आपल्याकडील ज्या कुळांनी सावकाराची वही पाहिली आहे, त्यांना या गोष्टीचे वेगळे स्पष्टीकरण नको.

अशा या गावात १९२२ च्या अखेरीस फादर जेम्स टॉम्प्किन्स यांची धर्मगुरू म्हणून नेमणूक झाली. अंगाने किरकोळ, वयाने पन्नाशी ओलांडलेले हे गृहस्थ तोपर्यंत अँटिगोनिश येथील सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठाचे उपप्रमुख होते. विद्येचे भांडार थोड्या भाग्यवंतांपुरते राहू नये, ते श्रमिकांपर्यंत गेले पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. १९२१ मध्ये त्यांनी याच विषयावर एक पुस्तिका लिहिली आणि त्याच वर्षी शेतकऱ्यांसाठी व कामकऱ्यांसाठी अँटिगोनिश येथे लोकशाळाही भरवली. पुढे प्रांतातील महाविद्यालये हॅलिफॅक्स शहरात एकत्र आणण्याची योजना निघाली. टॉम्प्किन्स यांनी तिचा पुरस्कार केला, तर बिशप जेम्स मॉरिसन यांनी तिला विरोध केला. परिणामी विद्यापीठाचा हा विद्वान मुख्य रस्त्यापासून दूर अशा कोळ्यांच्या गावी आला. पुष्कळांना ती शिक्षा वाटली. फादर जिमींनी मात्र तेथेच आपला वर्ग उघडला.

त्या वर्गाला भिंती नव्हत्या. खिशांत पुस्तिका व वर्तमानपत्रांची कात्रणे कोंबून ते धक्क्यावर जात, जाळी विणणाऱ्यांजवळ उभे राहत आणि प्रश्न विचारत. मासळीला एवढा कमी दर का? तो कोण ठरवतो? ती स्वतः विकली तर काय होईल? उत्तर ते देत नसत. एखादे पत्रक हातात ठेवून म्हणत की हे वाच आणि पुढच्या खेपेस मला सांग. वाचता येत नसेल त्याने मुलाकडून वाचून घ्यावे. अनेकांना हा छळ वाटे, परंतु प्रश्न एकदा मनात शिरला की तो सहज बाहेर पडत नाही.

एका सणाच्या दिवशी

१ जुलै १९२७ रोजी कॅनडाच्या संघराज्याला साठ वर्षे पूर्ण झाली. देशभर ध्वज फडकत होते, मिरवणुका निघत होत्या. कॅन्सोचे कोळी त्या दिवशी एकत्र जमले. आपण कशाचा उत्सव करावयाचा, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. पाच वर्षे धक्क्यावर पेरलेले बी त्या दिवशी जमिनीवर दिसू लागले. वर्तमानपत्रांनी त्यांचे गाऱ्हाणे छापले, धर्मप्रांतातील धर्मगुरूंनी ते उचलून धरले आणि सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. आयोगापुढे साक्ष देणाऱ्यांत टॉम्प्किन्स यांचे नातलग फादर मोझेस कोडी हेही होते. कोळ्यांनी सहकारी तत्त्वावर संघटित व्हावे, असे आयोगाने आपल्या अहवालात सुचवले.

१९२८ मध्ये विद्यापीठाने ‘विस्तार विभाग’ स्थापण्याचे ठरवले व त्याची धुरा कोडी यांच्यावर सोपवली. टॉम्प्किन्स जितके बारीक, तितके कोडी धिप्पाड. त्यांचा आवाज सभागृहाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचे. १९२९-३० च्या सुमारास सरकारच्या विनंतीवरून त्यांनी किनाऱ्यावरील गावोगाव जाऊन कोळ्यांच्या सभा घेतल्या आणि १९३० मध्ये त्या प्रांतांतील कोळ्यांचा एक संयुक्त संघ उभा राहिला.

अभ्यास कसा चाले?

या चळवळीचे खरे मर्म येथेच आहे. म्हणून थोडे थांबून पाहू. प्रथम गावात मोठी सभा होई. कोडी किंवा त्यांचे सहकारी तेथे बोलत. त्या एका रात्रीवर मात्र ते विसंबून राहत नसत. सभा संपताच गावकऱ्यांना पाच ते दहा जणांच्या गटांत विभागून अभ्यासमंडळे स्थापन केली जात. प्रत्येक मंडळ आपल्यातूनच एक प्रमुख निवडी. आठवड्यातून एकदा, दिवसभराचे काम आटोपल्यावर, कोणाच्या तरी स्वयंपाकघरात शेगडीभोवती हे लोक बसत. विद्यापीठाकडून लहान पुस्तिका येत. त्या वाचावयाच्या, त्यावर बोलावयाचे आणि शेवटी एकच प्रश्न विचारावयाचा: आपल्या गावात आपण यातले काय करू शकतो? ठराविक काळाने सगळी मंडळे एकत्र जमत व आपापले निष्कर्ष सांगत.

या मंडळांना शिक्षक नव्हता. विषय पुस्तकी नव्हते. शेवंड जिवंत ठेवून बॉस्टनच्या बाजारात कशी पाठवावी, दुकानाचा हिशेब कसा ठेवावा, पीठ घाऊक आणले तर किती वाचते, मुलांना दूध कोठून मिळेल, असे हे विषय. १९३० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत अशी मंडळे हजाराहून अधिक झाली होती. स्त्रियांची स्वतंत्र मंडळेही होती. संत मार्था संघाच्या धर्मभगिनींनी व विस्तार विभागातील तरुण कार्यकर्त्या स्त्रियांनी त्यांची बांधणी केली. घराचा हिशेब ज्यांच्या हाती, त्यांच्यावाचून गावाचा हिशेब जुळणार नाही, हे त्या काळी त्यांनी ओळखले होते. प्रॉटेस्टंट शेजारीही या कामात सामील झाले. युनायटेड चर्चचे पाळक नेल्सन मॅक्डोनाल्ड हे तर चळवळीतील अग्रगण्य कार्यकर्ते होते. उपासनेत भेद राहिला, पण पिठाच्या दुकानात तो आड आला नाही.

लिटल डोव्हरची गोष्ट

कॅन्सोच्या धर्मग्रामातच लिटल डोव्हर ही एक वाडी होती. जमीन सारी खडकाळ. गाय पाळावी इतका चाराही उगवत नसे. दारिद्र्य असे की मुलांच्या अंगावर ते दिसे. फादर टॉम्प्किन्स तेथे वारंवार जाऊन आपले तेच प्रश्न विचारत. अखेर वाडीतील माणसांनी ठरवले की शेवंड व्यापाऱ्याला कच्ची न विकता आपणच डबाबंद करावयाची. कारखान्यास पैसा कोठून येणार? लाकूड रानात होते आणि हात आपल्या खांद्याला होते. त्यांनी स्वतः झाडे तोडली, स्वतः भिंती उभारल्या व यंत्रसामग्रीपुरते थोडे कर्ज काढले. १९३० च्या सुमारास तो कारखाना सुरू झाला. मुलांच्या दुधाचाही प्रश्न त्यांनी अभ्यासास घेतला. गाय जगत नाही, पण खडकावर शेळी जगेल, हे त्यांना पुस्तिकांतून उमगले. त्यांनी चांगल्या जातीच्या शेळ्या बाहेरून आणवल्या.

शेळीची ही गोष्ट आपल्याला किरकोळ वाटेल. परंतु आपल्या वाडीला काय नाही हे रडत बसण्याऐवजी जे आहे त्यातून काय होईल, हे त्या माणसांनी प्रथमच एकत्र बसून ठरवले होते. एकदा शेळी आली, मग दुकान येते, पतपेढी येते.

आठवड्याचे चार पैसे

पतपेढी मात्र सहज आली नाही. त्या काळात लहान माणसाला बँकेच्या दारात उभे राहण्याची सोय नव्हती. जर्मनीत राइफायझेन यांनी एकोणिसाव्या शतकात खेड्यांतील पतसंस्थांचा मार्ग घालून दिला होता. कॅनडातच क्विबेक प्रांतातील लेव्ही या गावी आल्फोन्स देजार्दँ यांनी १९०० मध्ये लोकांची पतपेढी काढली होती. नोव्हा स्कोशियात त्यासाठी कायदा हवा होता. अमेरिकेतील पतपेढ्यांचे प्रवर्तक रॉय बर्गेनग्रेन यांच्या साहाय्याने तो १९३२ मध्ये झाला आणि गावोगावी पतपेढ्या निघाल्या.

हे वर्ष जगभर मंदीचे होते. अशा वेळी बचत कोण करणार, असे शहाणे लोक विचारत. त्यावर पतपेढीने दिलेले उत्तर साधे होते: सभासदाने आठवड्याला जेवढे जमेल तेवढेच, नाणे-दोन नाणी का होईना, ठेवावे. ही पुंजी गावातच राही आणि गावातीलच गरजूला कर्जाऊ मिळे. तारण म्हणजे मुख्यतः त्या माणसाची सचोटी. ती शेजाऱ्यांना बँकेपेक्षा अधिक ठाऊक असे. कोणाचे भाग किती हे न पाहता प्रत्येकाला एकच मत होते. एखाद्याने हप्ता चुकवला तर तो कोण्या दूरच्या सावकाराला बुडवत नसे. रविवारी मिस्सेत शेजारी बसणाऱ्याला बुडवत असे. ही जाणीवच त्या पेढ्यांची तिजोरी होती.

खाणीच्या गावातील अकरा घरे

१९३५ मध्ये फादर टॉम्प्किन्स केप ब्रेटनमधील रिझर्व्ह माइन्स या कोळशाच्या खाणींच्या गावी आले. आल्याबरोबर त्यांनी काय केले? धर्मगुरुनिवासातील पुढच्या खोलीत पुस्तके मांडली आणि दार उघडे ठेवले. ते लोकांचे वाचनालय झाले. खाणकामगार कंपनीच्या जुनाट, कोंदट घरांत भाडे देऊन राहत. त्यांच्यातील काही जणांनी घरबांधणीचे अभ्यासमंडळ काढले. न्यूयॉर्कमध्ये सहकारी घरांचे काम केलेल्या मेरी आर्नल्ड त्यांच्या मदतीस आल्या. जमीन, पाया, विटा, व्याज, कर अशा प्रत्येक गोष्टीचा त्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. पुठ्ठ्याच्या लहान प्रतिकृती करून त्यांत चूल कोठे, खिडकी कोठे हे कुटुंबांनी ठरवले. १९३८ मध्ये अकरा कुटुंबे आपापल्या हातांनी बांधलेल्या घरांत राहावयास गेली. काही भांडवल सरकारी कर्जाचे होते, पण घाम सर्वस्वी त्यांचा होता. त्या वस्तीला त्यांनी आपल्या धर्मगुरूचे नाव दिले: टॉम्प्किन्सव्हिल.

या कार्याची वार्ता रोमपर्यंत पोहोचली. १९३८ मध्ये पोप अकरावे पायस यांच्या वतीने कार्डिनल पाचेली यांनी, म्हणजे पुढे पोप बारावे पायस झालेल्या महापुरुषांनी, अँटिगोनिशच्या बिशपांना पत्र पाठवून त्याची प्रशंसा केली. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात श्रमिकांच्या न्याय्य हक्कांविषयी जे शिकवले, ते येथे कोळ्यांच्या हिशेबवहीत उतरले होते. फादर टॉम्प्किन्स १९५३ मध्ये व फादर कोडी १९५९ मध्ये प्रभूघरी गेले. त्याच १९५९ साली कोडी यांच्या नावाने विद्यापीठात एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तेथे आशिया, आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील कार्यकर्ते शिकण्यास येऊ लागले. भारतातूनही अनेक जण गेले.

आणि नंतर?

येथेच लेखणी ठेवली असती तर गोष्ट गोड झाली असती. पण ती पुरी झाली नसती. दुसऱ्या महायुद्धानंतर काळ बदलला. तरुण पुन्हा शहरांकडे निघाले, मोठ्या कंपन्या आल्या, अभ्यासमंडळांतील शेगड्या एकेक करून विझल्या. काही सहकारी दुकाने व कारखाने बंद पडले. ज्यांनी ती उभारली त्यांना त्यांचे मोल होते. ज्यांना ती आयती मिळाली त्यांना ती केवळ एक दुकान वाटली. पतपेढ्या मात्र टिकल्या व आजही त्या प्रांतात चालतात.

मग अघटित घडले. वर्षानुवर्षे बेसुमार पकडले गेल्याने समुद्रातील कॉडच संपत आला. सरकारने १९९२ मध्ये न्यूफाउंडलंडच्या पूर्वेस व १९९३ मध्ये नोव्हा स्कोशियाच्या पूर्व समुद्रात त्याची मासेमारी थांबवली. कॅन्सोवर वीज कोसळावी तसे झाले. ज्या मासळीवर गाव उभे होते तीच गेली. लोकसंख्या ओसरत आठशेच्या आसपास आली. करांतून नगराचा खर्च भागेना. शेवटी कॅन्सोने आपला स्वतंत्र नगराचा दर्जा सोडला व ते शेजारच्या गाइजबरो जिल्हापालिकेत विलीन झाले. तो दिवस होता १ जुलै २०१२. पंच्याऐंशी वर्षांपूर्वी याच तारखेस तेथील कोळी एकत्र जमून प्रश्न विचारत होते.

मग सारे व्यर्थ गेले काय? याचे उत्तर मधल्या काळातील एका लहानशा गोष्टीत आहे. मासेमारी बंद झाल्यानंतर थोड्याच वर्षांत, १९९७ मध्ये, कॅन्सोच्या रहिवाशांनी एक संगीत महोत्सव सुरू केला. स्टॅन रॉजर्स हे कॅनडाचे नावाजलेले लोकगायक १९८३ मध्ये विमान अपघातात मरण पावले होते. त्यांच्या आईचे माहेर या परिसरातले, आणि बालपणीचे उन्हाळे त्यांनी येथेच घालवले होते. कोळ्यांच्या व दर्यावर्दी माणसांच्या जीवनावर त्यांनी गाणी रचली. त्यांच्या स्मरणार्थ गावाने महोत्सव मांडला. काम करणारे सारे स्वयंसेवक, गावातले व गावाबाहेर गेलेले. पुढील वर्षांत उन्हाळ्यात तीन-चार दिवस हजारो पाहुणे त्या चिमुकल्या गावी येऊ लागले. २०१४ मध्ये चक्रीवादळामुळे महोत्सव रद्द करावा लागला; तरी पुढे तो पुन्हा भरला. एका महोत्सवाने कॉड परत येत नाही, हे खरे आहे. परंतु मासळी गेली, नगरपालिका गेली, तरी एकत्र बसून काय करता येईल हे विचारण्याची सवय त्या माणसांत उरली होती. फादर जिमींनी धक्क्यावर पेरले होते ते हेच.

आपल्यासाठी

आपल्याकडे या बीजाला परकी भूमी नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर रापण ओढताना सारा वाडा दोरीला हात लावतो आणि मासळीचे वाटे पडतात. गावाच्या जमिनीचा कारभार एकत्र चालवणारी गोव्याची गावकरी तर शतकानुशतके जुनी आहे. राइफायझेन यांच्या ज्या विचारातून नोव्हा स्कोशियाच्या पतपेढ्यांना वाट मिळाली, त्याच विचारावर आपल्या देशात १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. वसईत मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये निघालेली कॅथॉलिक सहकारी पतसंस्था पुढे मोठी बँक झाली. म्हणजे कॅन्सोच्या कोळ्यांच्या आधी आपल्याच मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती बांधवांनी हे पाऊल उचलले होते.

उणीव कशाची असेल, तर ती स्वयंपाकघरातील त्या बैठकीची. आपण संस्था काढतो, पदाधिकारी निवडतो, हारतुरे घालतो. पण आठवड्यातून एकदा सात-आठ माणसांनी बसून गावाच्या एका प्रश्नाचा नीट अभ्यास करणे आपल्याला जड जाते. याची सुरुवात करण्यास परवानगी लागत नाही, देणगीही लागत नाही. येत्या रविवारी मिस्सेनंतर मंदिराच्या पडवीत थांबावे, दोन-तीन कुटुंबांना आपल्या घरी चहास बोलवावे आणि एक प्रश्न निवडावा: काजूबिया आपण कोणाला व कोणत्या दराने विकतो, विहिरीचे पाणी मार्चमध्येच का आटते, वृद्धांना औषध आणून देणारे गावात कोण आहे. त्याची माहिती काढावी, ती लिहून ठेवावी आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बसावे. घरातील स्त्रियांना व तरुणांना त्या बैठकीत बरोबरीची जागा द्यावी. परगावी गेलेल्या मुलांनाही पत्राने वा फोनने तो प्रश्न कळवावा. कॅन्सोच्या महोत्सवात बाहेर गेलेलीही माणसे कामास येतात.

शुभवर्तमानातील गालील सरोवराची कथा आपल्याला पाठ आहे. रात्रभर श्रम करून पेत्राच्या हाती काही लागले नव्हते. प्रभूच्या शब्दावरून त्याने पुन्हा जाळे टाकले आणि ते इतके भरले की फाटू लागले. तेव्हा पेत्राने काय केले, इकडे आपले लक्ष क्वचित जाते. त्याने दुसऱ्या होडीतील आपल्या सोबत्यांना खुणावले, की या आणि हात लावा. दोन्ही होड्या भरून किनाऱ्याला लागल्या.